फुकट ते पौष्टिक!

ऑफिसचं काम संपतच नाही, अशी तुमची तक्रार आहे? मग रत्नागिरीतल्या एका आंबेवाल्या घरातली ही गोष्ट वाचा. एक जुना कॉम्प्युटर, चार-पाच फुकटातली सॉफ्टवेअर्स आणि एक मोठ्ठा घोळ. या तिघांनी मिळून एका माणसाला त्याची संध्याकाळ परत दिली.

रात्रीचे साडेअकरा. घरभर हापूसचा वास. मी स्वयंपाकघरात बसून तिसरा आंबा संपवतेय (हो, साडेअकराला! सीझनमध्ये सगळं माफ असतं) आणि बाहेरच्या खोलीतून एकच आवाज येतोय. टक. टकटक. टक. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, दोन बोटांनी टाइप करतोय.

‘काय करतोयस रे?’

‘लेबलं.’

‘किती झाली?’

‘एकशे दहा. अजून चाळीस आहेत. तू झोप गो.’

गेल्या एप्रिलमधली ही गोष्ट. मुंबईतली सगळी डेडलाइन्स एकदाची संपवून मी मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला घरी गेले होते. प्लॅन साधा होता. आंबे खायचे, भाट्याला जायचं, झोपायचं. लॅपटॉप बॅगेतच ठेवायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना वहिनी जे बोलली, ते डोक्यातून जाईना. ‘एप्रिल-मेमध्ये हे घरात असतात, पण घरी नसतात.’

दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या पुतणीला, पाडव्याला सायकल मिळाली होती. मागची दोन छोटी चाकं काढून शिकवायचं बाबाने कबूल केलेलं. कधी? तर सीझन संपला की. आता कोकणात सीझन संपतो म्हणजे काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच असेल. पाऊस सुरू होतो! म्हणजे सायकल थेट दिवाळीला. पोरीला हे गणित कळलेलं होतं. तिने विचारणंच सोडून दिलं होतं.

बागायतदार की कॉल सेंटर?

२०१९ पर्यंत आमचे आंबे वाशी मार्केटला दलालाकडे जायचे. दलालाची पट्टी येईल ती घ्यायची, विषय संपला. मार्च २०२० मध्ये, ऐन सीझनच्या तोंडावर लॉकडाऊन लागलं आणि कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पाठवायला सुरुवात केली. दादाही त्यातलाच. भाव बरा मिळायला लागला, लोक नावाने ओळखायला लागले. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय टॅग मिळाल्यापासून गिऱ्हाईकही ‘खरा रत्नागिरी का?’ असं विचारून घ्यायला लागलं होतं. सगळं छानच की!

फक्त एक झालं. झाडावर चढणारा, फवारणी बघणारा, आंबा निवडणारा माझा भाऊ आता अकाउंटंट झाला, डिस्पॅच क्लार्क झाला आणि कॉल सेंटरही झाला. दिवसभर बाग, रात्री कॉम्प्युटर. त्या दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, ‘पुढच्या वर्षी हे बंद. परत वाशीला पाठवणार.’

सहज म्हणाला खरा, पण पाच वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं सोडायला निघालेला माणूस सहज बोलत नसतो. आणि कारण काय, तर लेबलं!

मी म्हटलं, ‘मला चार दिवस दे.’

‘काय करणार? नवीन सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नाहीत हां.’

‘एक रुपया लागणार नाही.’

हे ऐकून काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. काका टपाल खात्यातून रिटायर झालेले. ‘फुकटचा आंबा नेहमी डागी निघतो,’ एवढं बोलून परत पेपरात गेले.

फुकट की मुक्त?

आता इथे थोडा फंडा क्लिअर करू या. माझं आणि फुकट सॉफ्टवेअरचं नातं जुनं आहे. मास कॉमला असताना लॅबमधल्या चोरट्या कॉपीतून आलेल्या व्हायरसने माझा फायनलचा प्रोजेक्ट सबमिशनच्या दोन दिवस आधी खाल्ला. तेव्हापासून मी एक नियम केला. पैसे नसतील तर चोरायचं नाही. खरोखरच फुकट मिळतं ते शोधायचं.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत. आपल्या मराठीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो मुक्त सॉफ्टवेअरसाठी. म्हणजे असं सॉफ्टवेअर की जे कुणीही, कशासाठीही वापरावं, त्याच्या आत काय आहे ते बघावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं. पैशाचा मुद्दा नंतरचा.

मग ताटात तीन पदार्थ येतात. पहिला, मुक्त आणि फुकट. उदाहरणार्थ लिब्रेऑफिस, सेव्हन-झिप, व्हीएलसी. दुसरा, फुकट पण मुक्त नाही. बनवणाऱ्याने वापरायला दिलंय, आतलं दाखवलेलं नाही. तिसरा, फुकट वाटणारा. तुमची माहिती घेऊन, जाहिराती दाखवून चालणाऱ्या ऑनलाइन सेवा यात येतात. वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही रोज वापरते. पण आपण काय देतोय, ते माहीत असावं. शेकडो गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर कुठल्याही ‘फ्री’ साइटवर चिकटवण्याआधी तर दहा वेळा विचार करावा.

वेळ जातो कुठे?

सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी मी एक काम केलं, ज्याला कॉम्प्युटरच लागत नाही. दोन रात्री दादाच्या शेजारी बसले आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळ लिहीत गेले.

व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डर्स बघून वहीत आणि मग शीटमध्ये उतरवणं, ५० मिनिटं. तेच पत्ते परत लेबलांवर टाइप करणं, १ तास ४० मिनिटं. ‘गेल्या वर्षीच्या त्या ठाण्याच्या मॅडमचा पत्ता’ शोधणं, २५ मिनिटं. बागेचे फोटो छोटे करणं आणि ‘पेटी आली, आता आंबे कसे ठेवू?’ याला उत्तरं देणं, ३५ मिनिटं. एकूण साडेतीन तास. रोज.

दादा त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला. आपल्याला वाटतं, काम खूप आहे. काम खूप नव्हतंच! एकच पत्ता तो तीन वेळा लिहीत होता.

तुमच्या ऑफिसात आंबे नसतील, पण हा प्रकार आहे की नाही सांगा. तोच आकडा आधी मेलमध्ये, मग शीटमध्ये, मग प्रेझेंटेशनमध्ये. आणि मग आपण म्हणतो, ‘यार, वेळच मिळत नाही.’

‘हे कुठल्या भाषेत आहे?’

पहिला खड्डा लगेच लागला. जुन्या गिऱ्हाइकांची चारशे नावांची यादी एका जुन्या फाइलमध्ये होती. उघडली, तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. ‘म्हणून तर मी प्रिंटवरून टाइप करतो,’ दादा म्हणाला.

मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा काला कधी ना कधी पाहिलेला असतो. कारण सोपं आहे. पूर्वीचे बरेचसे मराठी फाँट म्हणजे मुखवटे होते. आत कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरच असायचं, फाँट फक्त त्या जागी ‘क’ किंवा ‘म’ काढून दाखवायचा. फाँट नाही, तर मुखवटा गळला! युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा कायमचा नंबर आहे. देवनागरी तर युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणून युनिकोडमधलं मराठी फोनवर, मेलमध्ये, शीटमध्ये सगळीकडे तसंच दिसतं. आणि मुख्य म्हणजे, सर्च करता येतं.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. चारशे नावं चुटकीसरशी बदलली. पण थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. रफार आणि पहिली वेलांटी या दोन गोष्टी कन्व्हर्टरला हमखास नडतात. ‘कुलकर्णी’, ‘शिर्के’ यांची वाट लागते. वहिनीने एका दुपारी बसून सगळी यादी तपासली.

नवीन मराठी टाइप करायला तर काही उतरवून घ्यावंच लागलं नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो. भाषा म्हणून मराठी जोडायची, फोनेटिक निवडायचं आणि इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहीत सुटायचं. रोज खूप मराठी टाइप करणार असाल, तर मात्र इन्स्क्रिप्ट शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सुरुवातीला वैताग येतो, पण एकदा हात बसला की स्पेलिंगचा विचारच करावा लागत नाही. मी त्यातलीच!

दीडशे लेबलं आणि एक घोळ

आता मुख्य आघाडी. लिब्रेऑफिस. सन कंपनीच्या ओपनऑफिसची ही पुढची पिढी. २०१० मध्ये ओपनऑफिसच्याच कार्यकर्त्यांनी वेगळं होऊन ती सुरू केली. वर्डसारखं रायटर, एक्सेलसारखं कॅल्क, आणि वर्ड-एक्सेलच्या फाइल्सही उघडतात. दादाच्या मशीनवरची कुठून तरी ‘टाकून घेतलेली’ कॉपी काढली आणि हे बसवलं.

आयडिया अशी. सगळ्या ऑर्डर्स कॅल्कच्या एकाच शीटमध्ये. एक ओळ म्हणजे एक गिऱ्हाईक. नाव, पत्ता, पिनकोड, फोन, पेट्या. जुनं गिऱ्हाईक असेल तर त्याची ओळ आधीच्या यादीतून उचलायची. एकच फोन नंबर दोनदा आला तर ‘काउंटइफ’ हे फंक्शन सांगतं. मग ही शीट रायटरला जोडायची, लेबलचा साचा एकदाच बनवायचा आणि मेल मर्ज करायचं. दीडशे लेबलांची फाइल समोर हजर! फाँट घेतला ‘मुक्ता’. मुंबईच्या एक टाइपने केलेला, मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट. अक्षर इतकं स्वच्छ की काकांनी चष्म्याशिवाय वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता दीडशे लेबलं छापून तयार. दादा बघतच राहिला. मी कॉलर टाइट!

आणि तिथेच माती खाल्ली.

झालं असं. भागाप्रमाणे लेबलं यावीत म्हणून मी छापण्याआधी शीट पिनकोडप्रमाणे लावली होती. त्यासाठी फक्त पिनकोडची कॉलम सिलेक्ट केली आणि सॉर्ट दाबलं. कॅल्क बिचारं विचारत होतं की बाजूलाही डेटा आहे, तोही सोबत घ्यायचा का? मी घाईत ‘आहे तेवढंच’वर क्लिक केलं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, फोन बरोबर, पण पिनकोड दुसऱ्याच कुणाचा तरी.

पकडलं कुणी? काकांनी. लेबल चिकटवता चिकटवता ते थांबले. ‘अरे, हे डोंबिवलीचं ना? मग चारशे एकवीस पाहिजे. हे चारशे अकरा कसं? हे तर पुणं.’ आयुष्यभर टपाल बघितलेला माणूस! आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि काकांची निम्मी नोकरी त्यातच गेली.

पण तोवर बारा पेट्या टेम्पोत चढून गेल्या होत्या. ट्रान्सपोर्टवाले पिनकोड बघूनच माल वेगळा करतात. दादाने चप्पल घातली आणि बाइक काढली. नऊ पेट्या गाडी सुटायच्या आधी सापडल्या. तीन निघून गेल्या. त्या तीन गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी नव्या पेट्या गेल्या, दादाच्या खर्चाने. मी पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो काहीच बोलला नाही, परत जुन्या वहीकडे वळला आणि ‘राहू दे आता’ म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझ्या घाईची होती. वेळ वाचवणारी हत्यारं चुकाही तितक्याच झपाट्याने करतात. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस एका वेळी एक लेबल चुकवतो. मी एका क्लिकमध्ये जवळपास सगळी चुकवली होती.

सकाळी मी काकांपुढे कागद ठेवला. ‘काका, तुमच्या डोक्यातलं मला लिहून द्या.’ त्यांनी दिलं. मुंबई ४००, पुणे ४११, कल्याण-डोंबिवली ४२१, नाशिक ४२२, कोल्हापूर ४१६, आपली रत्नागिरी ४१५. हे आम्ही शीटमध्ये बसवलं. पिनकोडचे पहिले तीन आकडे गावाशी जुळले नाहीत, तर ओळ लाल होते. शिवाय दोन नियम. सॉर्ट करताना आधी अख्खं टेबल सिलेक्ट करायचं. आणि छापल्यावर दहा लेबलं कुठूनही उचलून वहीशी ताडून बघायची. हे काम काकांचं. दादाने आणखी एक संध्याकाळ द्यायचं कबूल केलं.

त्या संध्याकाळी एक ओळ लाल झाली. गिऱ्हाइकानेच पिनकोड चुकीचा पाठवला होता. जुन्या पद्धतीत ती पेटी नक्की भरकटली असती. दादा पहिल्यांदा हसला.

छोटी छोटी हत्यारं

बाकीचं सोपं होतं. फाइल शोधण्यासाठी ‘एव्हरीथिंग’ नावाचं चिमुकलं सॉफ्टवेअर. फाइलच्या नावातली तीन-चार अक्षरं टाइप करेपर्यंत फाइल समोर. (हे फुकट आहे, मुक्त नाही.) फोटोंसाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘पॉवरटॉइज’. २०१९ पासून हे मुक्त स्वरूपात मिळतं. पन्नास फोटो सिलेक्ट करा, राइट क्लिक करा, सगळे एकदम छोटे. नावंही एकदम बदलता येतात.

‘आंबे कसे ठेवू?’ हा प्रश्न दिवसातून वीसदा येतो. पेटी आल्या आल्या उघडा, आंबे पेंढ्यावर एका थरात पसरा, पिकल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका. हे उत्तर दादा वीसदा टाइप करायचा. ‘एस्पान्सो’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक खूण ठरवून दिली. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडून ती चार अक्षरं मारली की अख्खा परिच्छेद उमटतो. सेटिंग जरा किचकट आहे, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहावं लागतं. तेवढा खटाटोप नको असेल, तर विंडोजचं की आणि ‘व्ही’ एकत्र दाबा. शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते, हवी ती पिन करून ठेवता येते. माझ्या अर्ध्या मित्रमंडळींना हे माहीतच नव्हतं!

चिपळूणचा धडा

एक गोष्ट मात्र वेळ वाचवण्यासाठी नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तिथे माझ्या एका मित्राचं ऑफिस आहे. कॉम्प्युटर गेला. बॅकअप होता की! पण तो बॅकअपचा डिस्क ठेवलेला कुठे? त्याच टेबलाच्या खालच्या खणात. सगळ्या फाइल्स कागदांवरून परत उभ्या करायला त्याला कित्येक महिने लागले.

म्हणून आम्ही ‘फ्रीफाइलसिंक’ बसवलं. रोज रात्री यादी आणि हिशोबाचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरतो. दुसरी डिस्क दर रविवारी आत्याकडे जाते. आत्याचं घर चढावर आहे, हे मुद्दाम सांगते. वर्षभरात वाचवलेले तास एका रात्रीत गमवायचे नसतील, तर हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

वेळ वाचला की सरकला?

मी परत जायच्या आधी कॅलेंडरच्या मागे पुन्हा वेळ लिहिला. ऑर्डर्स २० मिनिटं, लेबलं तपासणीसकट २५, शोधाशोध २, फोटो आणि उत्तरं १३. एकूण एक तास. रोजचे अडीच तास वाचले. सीझनचे साठ दिवस धरले, तर १५० तास. सगळं बसवायला माझे साधारण चौदा तास गेले होते, म्हणजे सहा दिवसांत वसूल.

मी निघून गेल्यावर अडलं तर? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिब्रेऑफिसचे छोटे छोटे धडे आहेत, मराठीतूनही. एका खिडकीत धडा लावायचा, दुसऱ्या खिडकीत स्वतः करून बघायचं. हेही फुकट. दादा म्हणाला, ‘हिला शिकव. ही करेल.’

वहिनीने भाजी निवडता निवडता मान वर केली. ‘म्हणजे तुमचं काम आता माझ्याकडे?’

एकदम शांतता. आणि मला पटलं, की मी सगळी गणितं केली, हे एकच राहिलं होतं. वेळ वाचला, की नुसता एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात सरकला? ऑफिसातही हेच होतं की! एकाचं काम ‘ऑटोमेट’ झालं म्हणून टाळ्या पडतात, आणि डेटा भरायला भलत्याच कुणाला तरी बसवलेलं असतं.

मग ठरलं. धडे दोघांनी बघायचे, दिवस आलटूनपालटून. दादाने लगेच दुसरं पिल्लू सोडलं, ‘एवढा वेळ वाचतोय, तर रोज पन्नास पेट्या वाढवू या का?’ यावर वहिनीने फक्त दाराशी लावलेल्या सायकलकडे बघितलं. पेट्या वाढल्या नाहीत. साडेआठला कॉम्प्युटर बंद, असं ठरलं.

माझ्या सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे भाट्याला गेलो. ओहोटी होती, ओली वाळू चांगली घट्ट. छोटी चाकं काढलेली सायकल, मागे सीट धरून धावणारा दादा, आणि ‘सोडू नको हां बाबा, सोडू नको’ असा ओरडा. त्याने कधीच सोडलं होतं. तिला ते कळलं तेव्हा ती पडली, रडली आणि परत बसली.

परतताना काकांनी हळूच विचारलं, ‘हे लिब्रेवाले पैसे घेत नाहीत म्हणजे चालतं कसं त्यांचं?’

मी म्हटलं, ‘देणग्यांवर. ज्याला उपयोग झाला तो देतो. त्यांची संस्था जर्मनीत आहे, बर्लिनला.’

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘एक पेटी पाठवता येईल का गो? पत्ता तू शोध. पिनकोड मात्र मी लिहीन.’

सोमवारी ऑफिसात एवढं करून बघा

• आधी दोन दिवस कागदावर वेळ लिहा. सॉफ्टवेअर नंतर. कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय औषध नको.

• एकच गोष्ट तुम्ही दोनदा टाइप करत असाल, तर तिथूनच सुरुवात करा. मेल मर्ज शिकायला एक दुपार पुरते.

• सॉफ्टवेअर नेहमी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. भलत्या साइटवरची मोठ्ठी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं बहुतेक वेळा जाहिराती असतात.

• ऑफिसच्या मशीनवर काहीही बसवण्याआधी सिस्टीमवाल्यांना विचारा. काही सॉफ्टवेअर घरगुती वापरालाच फुकट असतात, तेव्हा परवान्याची ओळ वाचा.

• एका आठवड्यात एकच नवीन हत्यार. पाच एकदम बसवलीत, तर पाचही पडून राहतील.

• मोठा बदल करण्याआधी फाइलची कॉपी ठेवा आणि निकालातल्या दहा ओळी डोळ्यांनी तपासा. मशीनवर विश्वास ठेवा, स्वतःच्या घाईवर नको.

• बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा. शक्यतो चढावर!

• आणि वाचलेल्या वेळाचं काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा. नाहीतर तो बॉस ठरवेल.